उभ्या वाहनाचा दंड : हरकत कशी घ्यावी

दिल्लीच्या नैर्ऋत्य भागात, पप्पनकलां या जुन्या गावाच्या परिसरात दिल्ली विकास प्राधिकरणाने जे विस्तीर्ण उपनगर वसविले, ते आज द्वारका या नावाने ओळखले जाते. रुंद रस्ते, क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बहुमजली इमारती हे त्याचे स्वरूप आहे. ज्या काळात या उपनगराचे आराखडे तयार झाले, त्या काळात मध्यमवर्गीय कुटुंबात एक मोटार असणे हीदेखील मोठी गोष्ट मानली जात असे. आज एकेका घरी दोन-दोन वाहने आहेत आणि संस्थेच्या आवारात न मावणारी वाहने बाहेरच्या सेवा-रस्त्यावर येऊन उभी राहतात. २००५ च्या अखेरीस मेट्रो द्वारकेपर्यंत पोहोचली. तेव्हापासून स्थानकांच्या आसपास वाहने ठेवून पुढे गाडीने जाणाऱ्यांची त्यात भर पडली. सेक्टर १० मध्ये २००८ मध्ये न्यायालय संकुल सुरू झाले, आणि तेथे येणाऱ्या पक्षकारांच्या व वकिलांच्या वाहनांनीही आपली जागा शोधली.

अशा ठिकाणी सायंकाळी परत आलेल्या मनुष्यास आपले वाहन जागेवर न दिसणे, अथवा काचेवर चलान अडकविलेले दिसणे, ही नेहमीची घटना आहे. पुष्कळदा दंड योग्यच असतो. पदपथावर चढविलेली मोटार वृद्धांना आणि लहान मुलांना भर रस्त्यावर उतरण्यास भाग पाडते. निवासी भागातील पदपथांवर वाहने उभी राहू देऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर २०१९ रोजी दिल्लीतील पार्किंगच्या प्रश्नावर निकाल देताना स्पष्टपणे बजावले आहे. परंतु काही वेळा फलकच नसतो, कधी वाहनाचा क्रमांक चुकीचा नोंदविला जातो, कधी विकून टाकलेल्या मोटारीचे चलान जुन्या मालकाच्या नावाने येते. अशा वेळी नागरिक काय करतो? बहुधा तो कुरकुर करतो आणि पैसे भरतो. या प्रकरणात विचार करावयाचा आहे तो या दोन कृतींमधील तिसऱ्या मार्गाचा.

प्रथम दंडाचे कायदेशीर स्वरूप समजून घेतले पाहिजे, कारण हरकतीची सगळी इमारत त्यावर उभी आहे. जगात पार्किंगचा नाणे टाकावयाचा पहिला मीटर अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे जुलै १९३५ मध्ये बसविण्यात आला, आणि लंडनमध्ये असे मीटर १९५८ मध्ये आले. इंग्लंडमध्ये १९९१ च्या वाहतूक कायद्याने पार्किंगच्या बहुतेक चुका फौजदारी कायद्याच्या कक्षेतून बाहेर काढून स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची वाट मोकळी केली व त्यांवरील तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र निवाडा करणारे अधिकारी नेमले. आपल्याकडे असे झालेले नाही. भारतात चुकीच्या जागी वाहन उभे करणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ याखालील अपराध आहे. हा कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. अपराध लहान असला तरी तो अपराध होय; म्हणून ज्याच्यावर तो लादला जातो तो आरोपी असतो, आणि आरोप सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. चलान म्हणजे निकाल नव्हे. ते आरोपपत्रासारखे एक लेखी निवेदन आहे, आणि ते मान्य करावयाचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार वाहनमालकास आहे. पोलिसाच्या हातातील पावतीपुस्तक अथवा यंत्र पाहून ही गोष्ट आपण विसरतो.

कायद्याचे कलम १२२ वाहन धोकादायक रीतीने अथवा इतरांना अडथळा होईल अशा रीतीने सोडून जाण्यास मनाई करते. ज्या अपराधास वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, त्यास कलम १७७ ची सर्वसाधारण शिक्षा लागू होते. पूर्वी ती पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ३०० रुपयांपर्यंत होती. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती अनुक्रमे ५०० व १,५०० रुपयांपर्यंत वाढली. कलम १२७ वाहन ओढून नेण्यासंबंधी आहे. सार्वजनिक जागी दहा तास अथवा अधिक काळ बेवारस सोडलेले, किंवा जेथे कायद्याने मनाई आहे तेथे उभे केलेले वाहन ओढून नेण्याची अथवा त्याच्या चाकास कुलूप घालण्याची परवानगी त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो, आणि ओढून नेण्याचा खर्च मालकावर पडतो. या कलमातील ‘गणवेशधारी’ आणि ‘कायद्याने मनाई’ हे शब्द वाचकाने मनात ठेवावेत. दिल्लीत पार्किंगच्या जागांसंबंधी २०१९ मध्ये झालेल्या नियमांनी स्थानिक संस्थांकडेही वाहने हलविण्याचे काम दिले आहे. म्हणून वाहन नेमके कोणी उचलले, हे आधी विचारून घ्यावे.

द्वारकेत फिरताना अनेक गृहनिर्माण संस्थांच्या भिंतींबाहेर ‘वाहन उभे करू नये, हवा काढली जाईल’ अशा आशयाचे फलक दिसतात. काही ठिकाणी पहारेकरी साखळी घेऊन उभा असतो. आपल्या फाटकासमोरचा रस्ता मोकळा राहावा ही संस्थेची इच्छा समजण्यासारखी आहे, आणि फाटक अडविणारे वाहन खरोखरच अपराध करते. परंतु फाटकापासून दूर, सार्वजनिक सेवा-रस्त्याच्या कडेस, संस्थेने स्वतः रंगवून लावलेला फलक कोणासही अपराधी ठरवू शकत नाही. वाहने उभी करण्याच्या जागा ठरविण्याचा अधिकार कलम ११७ ने राज्य शासनास अथवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेस, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, दिलेला आहे. वाहतुकीची चिन्हे उभारण्याचा अधिकार कलम ११६ ने दिलेला आहे. संस्थेच्या पहारेकऱ्याने चाकास कुलूप घालून पैसे मागितले तर तो दंड नव्हे. तशी मागणी झाल्यास वाद न घालता पोलिसांना बोलवावे. दिल्ली वाहतूक पोलिसांचा मदत क्रमांक १०९५ आहे. संस्थेच्या स्वतःच्या आवारातील गोष्ट मात्र निराळी. तेथे पाहुण्यास व सभासदास संस्थेचे नियम बांधून ठेवतात, आणि त्या भांडणाचा मार्ग सहकार कायद्याकडे जातो.

ठेकेदाराच्या वाहनतळावर मागितली जाणारी रक्कमही दंड नव्हे, शुल्क होय. महानगरपालिकेने ठरविलेल्या दरापेक्षा अधिक पैसे घेतले गेले तर पावती मागावी, फलकावरील दराचे छायाचित्र घ्यावे आणि पालिकेकडे लेखी तक्रार करावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याखाली जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. पोलिसांचे चलान आणि ठेकेदाराची पावती यांतील फरक न ओळखल्यामुळे पुष्कळ लोक चुकीच्या कार्यालयात खेटे घालतात.

आता समजा, एका गृहस्थांनी बाजाराजवळील रस्त्याच्या कडेस, इतर वीस वाहनांच्या रांगेत, आपली मोटार उभी केली आणि औषधे घेऊन ते परत येईपर्यंत ती क्रेनने उचलली गेली. त्यांची पहिली प्रतिक्रिया अशी असते की, इतरांना सोडले आणि मलाच का धरले? हा युक्तिवाद न्यायालयात टिकत नाही. शेजाऱ्याचा अपराध आपला अपराध पुसून टाकीत नाही. ‘पाचच मिनिटे उभी होती’ हाही बचाव नव्हे, आणि ‘फलक दिसला नाही’ हा बचाव फलक खरोखर तेथे असेल तर निरुपयोगी होय. त्यांनी विचारावयाचा प्रश्न असा की, येथे मनाई होती काय, आणि असल्यास ती कोणी, कोणत्या आदेशाने केली?

मनाई दोन प्रकारची असते. काही जागा अशा आहेत की, तेथे फलकाची गरजच नाही. पदपथ, झेब्रा पट्टे, चौकाच्या व वळणाच्या जवळची जागा, बसथांब्यालगतचा भाग, शाळेचे व रुग्णालयाचे प्रवेशद्वार, दुसऱ्या उभ्या वाहनाची बाजू, या ठिकाणी वाहन उभे करण्यास रस्त्याच्या नियमांनीच मनाई केली आहे. अशा जागी धरले गेल्यास सरळ दंड भरावा, हे उत्तम. दुसरा प्रकार म्हणजे विशिष्ट रस्त्यावर आदेशाने केलेली मनाई. तेथे निळ्या वर्तुळावर लाल कडा व एक तिरकी लाल रेघ असलेले चिन्ह असावयास हवे. ते नसेल, झाडाच्या फांद्यांनी झाकले गेले असेल, किंवा वाहन उचलले त्या जागेपासून बरेच दूर असेल, तर हरकतीस खरा आधार मिळतो.

या आधारास पुराव्याचे रूप त्याच दिवशी द्यावे लागते. आठवड्यानंतर तेथे फलक उभा राहिलेला असू शकतो, आणि मग तो आधी नव्हता हे कोण सांगणार? वाहन जेथे उभे होते त्या जागी उभे राहून रस्त्याच्या दोन्ही दिशांची छायाचित्रे घ्यावीत; जवळचे दुकान, विजेच्या खांबाचा क्रमांक अथवा सेक्टरची पाटी त्यांत यावी, म्हणजे जागेविषयी शंका राहणार नाही. मूळ छायाचित्रे फोनमधून पुसू नयेत, कारण तारीख व वेळ त्यांतच नोंदलेली असते. औषधाच्या दुकानाची किंवा दवाखान्याची पावती असेल तर ती जपून ठेवावी. वाहन परत घेताना त्याच्याभोवती एक फेरी मारून नवे ओरखडे, वाकलेला पत्रा अथवा तुटलेला दिवा दिसल्यास तेथेच लेखी नोंद करावी. एकदा वाहन बाहेर नेल्यावर ती हानी क्रेनमुळे झाली हे पटविणे फार कठीण जाते.

यापेक्षाही उपयुक्त साधन म्हणजे माहितीचा अधिकार कायदा, २००५. दहा रुपये शुल्क भरून दिल्ली पोलिसांच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे एक साधा अर्ज करावा आणि त्यात तीनच गोष्टी मागाव्यात : अमुक रस्त्याच्या अमुक भागावर वाहन उभे करण्यास मनाई करणाऱ्या आदेशाची प्रत, तेथे फलक बसविल्याची तारीख, आणि ओढून नेण्याच्या शुल्काचा दर ठरविणारा आदेश. सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आदेशाची प्रत मिळाली तर आपली बाजू दुबळी आहे हे वेळीच कळते. असा कोणताही आदेश नोंदीत नाही असे लेखी उत्तर आले, तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे त्याहून बोलका कागद दुसरा नाही. अर्जात ‘का’ आणि ‘कसे’ असे प्रश्न विचारू नयेत. कायदा कागद देतो, खुलासे देत नाही.

रकमेचा अधिकार कोठून आला, हा प्रश्न दिल्लीपुरता नाही. मुंबई महानगरपालिकेने जुलै २०१९ मध्ये आपल्या सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात बेकायदा उभ्या केलेल्या वाहनांवर ५,००० रुपयांपासून पुढे वसुली सुरू केली, तेव्हा कायद्यातील शिक्षा काहीशे रुपयांची असताना ही रक्कम कशाची, असा प्रश्न सर्वत्र विचारला गेला. अशा रकमेत दंड किती आणि ओढून नेण्याचा खर्च किती, हे पावतीवर वेगवेगळे लिहून घेण्याचा आग्रह प्रत्येकाने धरावा.

हरकत घेण्याचा प्रत्यक्ष मार्ग आता पाहू. जागेवर दंड भरणे हे कलम २०० प्रमाणे तडजोडीने प्रकरण मिटविणे होय. तडजोडीस दोन पक्ष लागतात. ती कोणावर लादता येत नाही. म्हणून ‘मला आरोप मान्य नाही, प्रकरण न्यायालयाकडे पाठवावे’ असे सांगण्याचा हक्क वाहनचालकास आहे. एकदा पैसे भरले की प्रकरण संपते, आणि मग तक्रारीस जागा उरत नाही. रात्रीच्या वेळी मुलाबाळांसह घरी जावयाचे असलेला मनुष्य वाहन सोडविण्यासाठी मागतील ते देऊन टाकतो, आणि त्याला दोष देणे बरे नव्हे. परंतु शक्य असेल तेथे ओढून नेण्याचा खर्च पावती घेऊन द्यावा आणि अपराधाचा भाग न्यायालयासाठी राखून ठेवावा.

उघड चूक असेल, जसे क्रमांकातील एक अंक बदललेला असेल किंवा छायाचित्रातील मोटारीचा रंग व बनावट वेगळी असेल, तर न्यायालयापर्यंत जाण्याची गरज नसते. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, आपल्या वाहनाची छायाचित्रे आणि चलानाचा क्रमांक जोडून वाहतूक पोलिसांकडे लेखी निवेदन द्यावे. त्यांचे मुख्यालय तोडापूर येथे आहे. निवेदनाची पोच घ्यावी. पोच नसलेले निवेदन दिलेच नाही असे समजावे. आपल्या क्रमांकाची बनावट पाटी दुसऱ्या वाहनावर फिरत असल्याची शंका आल्यास पोलीस ठाण्यात वेगळी तक्रार द्यावी, कारण तेथे प्रश्न पाचशे रुपयांचा राहत नाही.

चलान न भरल्यास ते पुढे आभासी न्यायालयाकडे जाते. दिल्लीत वाहतूक प्रकरणांसाठी असे न्यायालय २०१९ मध्ये सुरू झाले. त्याच्या संकेतस्थळावर चलानाचा अथवा वाहनाचा क्रमांक घातला की दोन पर्याय दिसतात : अपराध मान्य करून दंड भरणे, अथवा प्रकरण लढविणे. दुसरा पर्याय निवडला की प्रकरण त्या भागाच्या प्रत्यक्ष न्यायालयाकडे वर्ग होते; द्वारकेच्या रहिवाशास तेथील घटनेसाठी सेक्टर १० मधील संकुलातच जावे लागते. येथे एक इशारा दिला पाहिजे. चलान भरण्याच्या नावाखाली खोटे दुवे पाठवून पैसे लुबाडणारे पुष्कळ झाले आहेत. संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता शासकीय संकेतस्थळ स्वतः उघडावे. चलानावर जी मुदत छापलेली असेल ती पाळावी. थकलेल्या चलानामुळे पुढे वाहनाच्या नोंदणीविषयक कामांत अडथळे येतात.

न्यायालयात या प्रकरणांची संक्षिप्त चौकशी होते. आरोप मान्य आहे काय, असे विचारले जाते. येथे अनेक जण बिचकतात आणि ‘साहेब, चूक झाली’ असे म्हणून मोकळे होतात. अपराध कबूल केल्यानंतर शिक्षेच्या प्रमाणाविषयी वा कायदेशीरपणाविषयीच काय ते अपिलात बोलता येते, मूळ आरोपाविषयी नाही. म्हणून मान्य नसेल तर ‘मान्य नाही’ एवढेच शांतपणे सांगावे. मग चलान करणाऱ्या अधिकाऱ्यास साक्ष द्यावी लागते, आणि त्यास प्रश्न विचारता येतात. फलक वाहनापासून किती अंतरावर होता? छायाचित्र कोणी, कोणत्या उपकरणाने घेतले? छायाचित्रात फलक आणि वाहन एकत्र दिसतात काय? इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात यावयाची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. ते जोडले आहे काय, हेही विचारावे. आपणही आपली छायाचित्रे देताना तेच प्रमाणपत्र तयार ठेवावे. वकील असलाच पाहिजे असे नाही. स्त्रिया, अपंग व्यक्ती, अनुसूचित जातींचे व जमातींचे लोक आणि अल्प उत्पन्नाचे नागरिक यांना विधि सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, आणि नैर्ऋत्य जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे कार्यालय त्याच संकुलात आहे.

जुन्या चलानांच्या बाबतीत मुदतीचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. ज्या अपराधास केवळ दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालयाने घेऊ नये, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४ सांगते. ही मुदत तक्रार न्यायालयात दाखल झाल्याच्या तारखेपर्यंत मोजतात, सुनावणीच्या तारखेपर्यंत नव्हे. आणि योग्य कारण असल्यास न्यायालय विलंब माफही करू शकते. तेव्हा दाखल झाल्याची तारीख पाहिल्याशिवाय या मुद्द्यावर विसंबू नये. कॅमेऱ्याने केलेल्या चलानांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत १६७-अ हा नियम आला. त्याने उपकरणास मान्यता प्रमाणपत्र, रस्त्यावर सूचनाफलक आणि अपराधाची वेळेवर सूचना या गोष्टी आवश्यक केल्या. कॅमेऱ्याचे चलान आल्यास या तिन्हींची विचारणा करावी.

विकलेल्या वाहनाचे चलान ही एक वेगळीच डोकेदुखी आहे. कलम ५० प्रमाणे हस्तांतराची सूचना विकणाऱ्याने नोंदणी अधिकाऱ्यास, त्याच राज्यात व्यवहार असल्यास, चौदा दिवसांत द्यावयाची असते. ती न देता किल्ली हाती देणाऱ्यास पुढे वर्षानुवर्षे कागदोपत्री मालक राहावे लागते. अपघाताच्या भरपाईसंबंधीच्या एका प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच मालक, असे ठरविले. पार्किंगच्या चलानात विक्रीचा करार व ताबा दिल्याची पावती दाखवून सुटका होण्याची आशा असते. तरी जो सूचना देऊन ठेवतो त्यास या आशेवर जगावे लागत नाही.

अखेरीस लोकअदालतीचा विचार करावा लागतो, कारण बहुतेक लोक तेथेच जातात. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याखाली भरणाऱ्या राष्ट्रीय लोकअदालतीत द्वारकेसह दिल्लीच्या सर्व न्यायालय संकुलांत वाहतूक चलाने निकाली काढली जातात. तारीख आधी जाहीर होते, वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावरून चलान व टोकन काढून न्यावे लागते, आणि टोकनांची संख्या मर्यादित असल्याने ती लवकर संपतात. तेथे दंड पुष्कळदा कमी केला जातो. पण लोकअदालत हा तडजोडीचा मंच आहे. फलक होता की नव्हता याचा निर्णय ती देत नाही, आणि तिच्या निवाड्यावर अपील नाही. ज्याची चूक झाली आहे अथवा ज्यास दिवस वाया घालविणे परवडत नाही, त्याने तेथे जावे. पाचशे रुपयांसाठी दोन-तीन तारखांना रजा काढणे हा तोट्याचा व्यवहार आहे, हे उघड आहे. तरीही एखाद्या रस्त्यावर आदेशावाचून रोज वाहने उचलली जात असतील, तर एका मनुष्याने लढविलेल्या प्रकरणाचा निकाल त्या रस्त्यावरील इतरांच्याही कामी येतो, आणि माहितीच्या अर्जाचे उत्तर शेजाऱ्यांनाही वापरता येते. असे काम गृहनिर्माण संस्थांनी एकत्र येऊन करावे. बेकायदा फलक रंगविण्यात जो उत्साह दिसतो, त्याचा थोडा अंश इकडे वळविला तरी पुरेल.

निकाल कोणताही लागो, आदेशाची प्रमाणित प्रत घ्यावी. काही दिवसांनी संकेतस्थळावर आपल्या वाहनाचा क्रमांक घालून ते चलान निकाली निघाल्याची नोंद झाली आहे काय, हे पाहावे. न झाल्यास आदेशाची प्रत जोडून वाहतूक पोलिसांकडे पुन्हा अर्ज द्यावा आणि त्याचीही पोच घ्यावी. कारण नोंदीत थकीत राहिलेले चलान वाहन विकावयाच्या दिवशी पुन्हा समोर येते.